सुईताई आणि पाळकसाहेबांची पेन्सिल

संग्रहालयाच्या मागच्या बाजूला, जिथवर तिकीट काढून आलेली माणसं पोचत नाहीत, तिथे एक लांबट खोली होती. त्या खोलीत सव्वीस वर्षं एकच बाई बसत आली. दगडात अडकलेली हाडं मोकळी करणं हे तिचं काम. खोदकामावरून प्लास्टरच्या जाड कवचात गुंडाळलेले दगड यायचे. ती कवच कापायची आणि मग भिंगाखाली, दिव्याच्या झोतात, कणाकणानं हाडाभोवतीचा दगड काढत बसायची. ढोबळ काम हवेवर चालणाऱ्या बारीक छिन्नीनं, नाजूक काम सुईनं. तिचा भरवसा सुईवर जास्त, म्हणून शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे तिला सुईताई म्हणायचे. एकेका हाडावर सात सात महिने जायचे. कुणी दारातून डोकावून विचारलं, "अजून झालं नाही का हो?" तर ती मान वर न करता म्हणायची, "हे हाड तीन कोटी वर्षं गुमान पडलंय. तुम्हालाच कसली घाई?"

आणि रविवारी हीच बाई ठेवणीतले कपडे घालून, केसांतली दगडाची भुकटी नीट धुऊन, चर्चमध्ये मोठ्या मुलांच्या वर्गाला पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, शिकवायची.

या दोन गोष्टी एका बाईत कशा मावतात, असं तिला पुष्कळांनी विचारलं होतं. संग्रहालयातले विचारायचे, चर्चमधले विचारायचे. ती हसून वेळ मारून न्यायची. खरं उत्तर एकाच माणसाला माहीत होतं, कारण ते उत्तर त्यानंच तिला दिलं होतं.

ती तेवीस वर्षांची असताना तिच्या टेबलावर एका चरणाऱ्या जनावराचा जबडा आला. गाईएवढं जनावर असावं. नवीन नोकरी, पहिलंच मोठं हाड, त्यामुळे तिनं जीव ओतून काम केलं. डाव्या बाजूचा दगड निघाला तेव्हा तिला दाढेच्या मुळाशी हाड कुरतडल्यासारखं दिसलं, आणि बाहेरच्या अंगाला वाटाण्याएवढं भोक. वरिष्ठांनी बघून सांगितलं, "गळू झालं होतं. पू बाहेर पडायला हाडानं वाट केली." मग तिनं उजव्या दाढा पाहिल्या. त्या पार झिजून गेल्या होत्या, आणि डाव्या जवळजवळ कोऱ्या. म्हणजे ते जनावर कित्येक महिने, कदाचित वर्ष दोन वर्षं, दुखणारी बाजू सांभाळत एकाच बाजूनं चावत होतं.

जग किती जुनं, माकड कोण आणि माणूस कोण, या वादांनी तिला कधी फारसं छळलं नव्हतं. देवाचा एक दिवस किती मोठा असतो, हे मोजायला आपण कोण, असं म्हणून ती पुढे जायची. पण त्या जबड्यापाशी तिचं गाडं अडलं. लहानपणापासून ती शिकली होती की माणसानं पाप केलं म्हणून जगात दुखणं आलं, मरण आलं. मग माणसाचा अजून पत्ताच नव्हता तेव्हा हे मुकं जनावर कुणाच्या पापापायी ठणकत होतं? तिनं प्रार्थना करून पाहिली. शब्द तोंडातून निघायचे आणि तिथेच गळून पडायचे. दोन महिने ती चर्चमध्ये नुसती ओठ हलवत उभी राहिली.

चर्चचे धर्मगुरू, म्हणजे पाळकसाहेब, तेव्हा नवे होते. तरुण, सडपातळ, हातात सदा एक आखूड पेन्सिल. वाचताना समासात काही ना काही टिपायची त्यांना सवय. ती धीर करून त्यांच्याकडे गेली आणि भडाभडा सगळं बोलली. तिला वाटलं होतं, आता एखादं वचन काढून दाखवतील आणि घरी पाठवतील. त्यांनी तसं केलं नाही.

"मला तो जबडा बघायला मिळेल?" त्यांनी विचारलं.

त्या गुरुवारी ते संग्रहालयात आले. भिंगाखाली त्यांनी ते भोक पाहिलं, त्या झिजलेल्या दाढा पाहिल्या.  जाताना एवढंच म्हणाले, "मला एक आठवडा द्या."

पुढच्या गुरुवारी ते परत आले, तेव्हा डोळे ओढलेले होते. "ताई, हे का, ते मला माहीत नाही," ते म्हणाले. "माहीत आहे असं म्हटलं तर तो खोटेपणा होईल. पण एक गोष्ट रोज मनात येतेय. आपला प्रभू आला तो असलंच हाड घेऊन आला. दुखणारं, मोडणारं. देवानं वर बसून हे दुखणं बघितलं नाही, तो त्याच्या आत शिरला. त्या जनावराच्या आणि प्रभूच्या हाडात फरक नाही. मला यापुढे जाता येत नाही."

बस्स, एवढंच. पण सुईताईच्या छातीवरचा दगड हलला. त्या रविवारी गाताना तिला आवाज फुटला.

तेव्हापासून गुरुवार हा पाळकसाहेबांचा वार झाला. दर आठवड्याला नाही, पण महिन्यातून दोनदा तरी ते त्या लांबट खोलीत यायचे, स्टुलावर बसायचे, काय नवीन आलंय ते विचारायचे. ती सांगायची, ते ऐकायचे. माशाच्या परातून हाताची बोटं कशी होत गेली, हे कळलं त्या दिवशी ते लहान मुलासारखे आपलाच पंजा उलटसुलट करून बघत बसले होते. "काय कलाकार आहे हो!" म्हणाले. "एकदाच करून टाकलं असतं तर मजा गेली असती."

पुढे त्यांच्याच सांगण्यावरून तिनं मोठ्या मुलांसाठी देवानं सहा दिवसांत सृष्टी केली, त्या कथेवर पाठ लिहिला. चार पानं. पाठाचा गाभा साधा होता: पवित्र शास्त्र आपल्याला सांगतं की हे सगळं कुणी केलं आणि कशासाठी केलं, दगड आपल्याला सांगतात की किती सावकाश केलं. पाळकसाहेबांनी ती पानं घरी नेली आणि आठ दिवसांनी परत आणली, तेव्हा समास पेन्सिलीनं भरले होते. एका ठिकाणी तिनं लिहिलं होतं, "देवाने पुष्कळ काळ घेतला." ते खोडून त्यांनी वर लिहिलं होतं, "देवाला घाई नव्हती." तिला ते इतकं आवडलं की येणाऱ्या जाणाऱ्याला ती तेच ऐकवू लागली.

तो पाठ अकरा वर्षं चालला. कुणाची तक्रार नाही, कुरकुर नाही. मुलं मोठी झाली, लग्नं झाली, काहींची धाकटी भावंडं वर्गात आली.

मग एका वर्षी वर्गातल्या एका मुलीनं घरी जाऊन भिंतीएवढ्या कागदावर सहा दिवसांचा तक्ता काढला आणि प्रत्येक दिवसापुढे तो किती वर्षांचा ते दाखवायला शून्यंच शून्यं लिहिली. तिचे वडील चष्म्याचे दुकानदार आणि चर्चच्या कमिटीवरचे पंच. चष्मेवाले पंच वाईट माणूस नव्हते. बायको दोन वर्षं अंथरुणाला खिळली तेव्हा पवित्र शास्त्रातल्या शब्दावर विसंबून त्यांनी दिवस काढले होते, आणि त्या शब्दातली एक मात्रासुद्धा कुणी हलवलेली त्यांना खपत नव्हती. त्यांच्या मागे वीसेक कुटुंबं होती. गावाच्या पलीकडच्या टोकाला नवीन प्रार्थनाघर निघालं होतं, तिथे सगळं ठाम आणि रोखठोक सांगत. ती वीस कुटुंबं एक पाय तिकडे टाकूनच बसली होती.

कमिटीची बैठक ठरली. त्याआधीच्या गुरुवारी पाळकसाहेब खोलीत आले. स्टुलावर बसले नाहीत, उभ्याउभ्याच बोलले.

"रविवारी विचारतील ते शांतपणे सांगा. काळजी करू नका, मी आहे ना."

"मला कसली काळजी?" सुईताई म्हणाली. "पाठ तुमचाही आहे."

ते हसले, पण ते हसू तोंडापुरतं होतं. हे तिला पुढे कितीतरी दिवसांनी आठवलं. त्या वेळी ती एका बरगडीला डिंक लावत होती.

रविवारची उपासना संपल्यावर चर्चला लागून असलेल्या खोलीत सगळे जमले. लांब टेबल, घडीच्या लोखंडी खुर्च्या, कपांतून चहा. टेबलाभोवती पाळकसाहेब आणि सहा पंच. पंचांत सुईताईचा धाकटा भाऊही होता. पाळकसाहेब पूर्वी संध्याकाळी घरी यायचे आणि ताईशी या चार पानांवर तासन् तास वाद घालायचे, तेव्हा चहा करून आणणारा हाच भाऊ.

चष्मेवाल्या पंचांनी मुलीचा तक्ता टेबलावर पसरला. आवाज चढवला नाही. "साहेब, माझं एकच विचारणं आहे. हे मुलांना शिकवलं जातंय, ते तुम्हाला ठाऊक होतं का?"

पाळकसाहेबांनी तक्त्याकडे पाहिलं. सुईताईकडे पाहिलं नाही.

"वर्गात नेमकं काय शिकवलं जातं, ते मी ताईंवर सोडलं होतं," ते म्हणाले. "हे असं शिकवलं जातंय, ते मला आजच कळतंय."

सुईताईला आधी हसूच आलं. तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं, किंवा साहेबांनीच प्रश्न चुकीचा ऐकला. ती म्हणाली, "अहो साहेब, असं काय करता? हे आपण मिळून लिहिलं."

 मग तिनं पिशवीतून ती चार पानं काढली. अकरा वर्षं जपलेली मूळ पानं, कडा पिवळ्या पडलेल्या. टेबलावर ठेवली. समासातलं ते अक्षर तिथल्या प्रत्येकानं वर्षानुवर्षं फळ्यावर, लग्नाच्या नोंदवहीत, वाढदिवसाच्या शुभेच्छापत्रांवर पाहिलेलं होतं. चष्मेवाल्या पंचांनी पानं वाचली आणि पाळकसाहेबांपुढे सरकवली.

पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "ताईंच्या मनात फार पूर्वीपासून शंका आहेत," ते म्हणाले. इतक्या मायेनं म्हणाले की तिच्या अंगावर काटा आला. "एक पाळक म्हणून मी त्या समजून घेत होतो. तेव्हा हे टिपलं असेल. शिकवण्यासाठी नव्हतं ते. माझीही चूक आहे, मी आधीच लक्ष घालायला हवं होतं."

 ते नाही म्हणाले असते, अक्षर माझं नाही म्हणाले असते, तरी तिनं सोसलं असतं. पण त्यांनी सव्वीस वर्षांच्या गुरुवारांना एका वाक्यात आजारी माणसाची शुश्रूषा करून टाकलं. ती बरोबरीनं बोलत होती असं तिला वाटत होतं. आता कळलं की ती पेशंट होती.

ती भावाकडे वळली. "तू सांग ना. तुला माहितीये."

भाऊ कपातल्या चहाकडे बघत राहिला. चहा कधीच संपला होता.

सुईताईला वर्गावरून काढायचं की नाही, यावर पंचांना हात वर करायला सांगितलं. सहा हात वर गेले. सहावा जरा उशिरा गेला. तो भावाचा होता.

घरी परतताना भाऊ मागून धावत आला. "ताई, ऐक तरी. वीस घरं उठून गेली असती. चर्चची मंडळी फुटली असती. साहेबांच्या निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय, आता या वयात त्यांनी काय..."

"म्हणून माझ्या एकटीवर भागवलंत."

"तसं नाही गं."

"मग कसं?"

 ती चालत राहिली आणि तो नाक्यावरच मागे राहिला.

दुसऱ्या दिवशी ती वेळेवर कामावर गेली. तोंडावरून काय ते कळलं असावं, कारण फोटो काढणारे सहकारी स्टूल ओढून बसले आणि त्यांनी सगळं काढून घेतलं. ऐकून ते म्हणाले, "सोडून द्या ना ते सगळं. रोज तीन कोटी वर्षं हातात धरणाऱ्या बाईला त्या लोकांची गरजच काय?" ते प्रेमानंच बोलले होते. पण तिला वाटलं, याच्याही लेखी आपण दोन तुकड्यांची बाई आहोत आणि यानं फक्त दुसरा तुकडा फेकायला सांगितला. "बघू," ती म्हणाली आणि छिन्नी चालू केली, म्हणजे आवाजात बोलणं बंद पडावं.

तिला खरा सल होता तो वेगळाच. वर्ग गेला, ते दुःख होतं. पण माणूस दुःखाला सरावतो. तिला पोखरत होतं ते हे, की जबड्यापाशी साहेब जे बोलले होते, ते त्यांनी मनापासून म्हटलं होतं, की बावरलेल्या पोरीला गप्प करायला दिलेली ती गोळी होती? ज्या शब्दांवर तिनं सव्वीस वर्षं आपला देव उभा केला, ते शब्द देणाऱ्याच्या खिशात तेव्हाही दुसरे शब्द होते का? काम करताना, भाजी चिरताना, आईच्या पाठीला तेल लावताना हाच प्रश्न. ती देवाशी भांडली नाही. नुसती अबोला धरून राहिली.

आई ऐंशी उलटलेली. पायांतलं बळ गेल्यामुळे तीन वर्षं खाटेवरच. पण जीभ अजून दोन्ही पायांवर उभी होती. आईला चर्चला जाता येत नसे, म्हणून दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी पाळकसाहेब लाकडी पेटीत भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला घेऊन घरी येत आणि मायलेकींना प्रभूच्या आठवणीचा घास, म्हणजे प्रभुभोजन, देत. बैठकीनंतरही पहिला शनिवार यायचा राहिला नाही. सुईताईनं दार उघडलं, खुर्ची पुढे केली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. पाळकसाहेबांनी आईला भाकर दिली, प्रार्थना केली, ते गेले. आईला कुणी काही सांगितलं नव्हतं. दुसऱ्या महिन्यातही तसंच झालं.

तिसऱ्या महिन्यात पाळकसाहेबांनी पेटी उघडली तेव्हा आई म्हणाली, "थांबा." मग स्वयंपाकघराकडे तोंड करून तिनं हाक दिली, "ए, बाहेर ये. तुझा घास कुठाय?"

"तू घे आई. मला नकोय."

"का? पोट बिघडलंय?"

"नाही."

"मग भांडण झालंय." आईनं एकदा हिच्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहिलं. "मी लंगडी आहे, आंधळी नाही. बोला. कोण सांगतंय?"

 तेव्हा सुईताईनं दाराच्या चौकटीला टेकून चार वाक्यांत सांगून टाकलं. रडली नाही, आवाज वाढवला नाही. हाडाची नोंद वाचून दाखवावी तसं.

आईनं सगळं ऐकून घेतलं. दगड, वर्षं, सहा दिवस, यातलं तिला काय कळत होतं कोण जाणे. तिच्या लेखी जग देवानं केलं होतं आणि कसं केलं ही त्याच्या घरची गोष्ट होती. तिनं वेगळंच विचारलं.

"साहेब, त्या पानांवर तुम्ही लिहिलं होतं का?"

"हो."

"ती शिकवते ते तुम्हाला माहीत होतं?"

पाळकसाहेबांनी मान खाली घातली. "हो. होतं."

"आणि तुम्ही ते मानता का? का नुसतं हिला बरं वाटावं म्हणून?"

स्वयंपाकघराच्या दारातून सुईताई एक पाऊल पुढे आली.

"मानतो," ते म्हणाले.  "तेव्हाही मानत होतो, आजही मानतो. आजी, मी घाबरलो. बाकी काही नाही. सव्वीस वर्षं जुळवलेली मंडळी डोळ्यांदेखत दुभंगणार, असं वाटलं आणि मी घाबरलो."

"माणूस घाबरतो," आई म्हणाली. "त्याचं काही नाही. येत्या रविवारी उभे राहा आणि सगळ्यांना सांगा. मग या आणि मला भाकर द्या."

"आजी, आज घ्या. मी सांगतो."

"नाही. आधी सांगा. माझ्या पोरीच्या पाठीवर पाय देऊन आलेली भाकर मला गिळवायची नाही."

पाळकसाहेबांनी पेटी मिटली. जाताना दारात ते सुईताईपाशी क्षणभर थांबले, पण ती बाजूला झाली.

त्या रविवारी आईनं भावाला बोलावून विचारलं, "काय म्हणाले?" भावानं खालमानेनं सांगितलं की उपदेश सहनशीलतेवर होता. त्यापुढच्या रविवारी परदेशी गेलेल्यांसाठी प्रार्थना होती. त्यापुढच्या रविवारी साहेबांचा घसा बसला होता, दुसऱ्याच कुणी उपासना चालवली. चौथ्या आठवड्यात आईनं विचारणं बंद केलं. पहिला शनिवार आला आणि गेला. दारावर कुणी थाप मारली नाही.

सुईताईच्या मनात मात्र काहीतरी हललं होतं. ते मानत होते, म्हणजे शब्द खरे होते. माणूस खोटा निघाला, शब्द नाही. याचा तिला आनंद व्हायला हवा होता. झाला तो संताप. जो माणूस हे मानत नाही त्यानं तिला सोडलं असतं, तर ते समजण्यासारखं होतं. ज्यानं तिच्याइतकंच मानलं, त्यानं तिला एकटीला पुढे ढकललं आणि स्वतः मागे लपला. सगळ्या गावात त्या शब्दांचे दोनच साक्षीदार होते, त्यातला एक फितूर झाला होता.

थंडी वाढली तशी आईचा श्वास आखूड व्हायला लागला. डॉक्टर येऊन गेले, औषध बदललं, भावाला बाजूला घेऊन काहीतरी बोलले. दुपारी आईनं सुईताईला खाटेवर बसवून घेतलं.

"मला भाकर हवी."

"साहेबांना बोलावू?"

"सांगितलं का त्यांनी?"

"नाही."

"मग तू दे."

"आई, मला कसं देता येईल? मी कोण?"

"तू शिकवायचीस ना इतकी वर्षं? मग." आईला दोन वाक्यांमध्ये थांबावं लागत होतं. "देवाला चालेल. त्यानं काय काय चालवून घेतलंय ते तूच सांगतेस की. मासे काय, हात काय."

सुईताईला हसू आणि रडू एकदमच आलं. तिनं सकाळची पोळी घेतली. द्राक्षरस घरात नव्हता. पेल्यात पाणी घेतलं. शास्त्रातला तो भाग तिला पाठ होता, पण आज तिनं वाचूनच म्हटला, कारण आवाजाचा भरवसा नव्हता. पोळीचा नखाएवढा तुकडा मोडून आईच्या जिभेवर ठेवला. आईनं तो बराच वेळ तोंडात घोळवला, मग पाण्याचा घोट घेतला आणि बोटानं खूण केली: तूही. पाच महिन्यांत पहिल्यांदा सुईताईनं घास घेतला. कोरडा होता, घशात अडकला, पण गेला.

आई त्यानंतर नऊ दिवसांनी गेली.

अंत्यविधी पाळकसाहेबांनीच केला. भावानं ठरवून टाकलं होतं आणि सुईताईनं अडवलं नाही. कबरीपाशी ते आईबद्दल फार सुंदर बोलले. तिच्या विनोदांची आठवण काढली, लोक हसले, लोक रडले. तेही रडले. मातीची मूठ टाकून लोक पांगायला लागले तेव्हा ते सुईताईजवळ आले. त्यांचे हात गार होते.

"ताई, मला क्षमा करा," ते हळूच म्हणाले.

तिनं आजूबाजूला पाहिलं. चष्मेवाले पंच फाटकापाशी खुर्च्या गोळा करत होते. सहाही हात तिथेच होते.

"साहेब, इतक्या हळू का बोलताय?" ती म्हणाली.

त्यांनी फाटकाकडे पाहिलं. पुन्हा तिच्याकडे पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं. तिनं थोडा वेळ वाट पाहिली. खरोखरच पाहिली, आपल्या मनात अजून इतकी आशा शिल्लक आहे, याचं तिचं तिलाच नवल वाटलं. मग ती भावाच्या मागे चालू लागली.

पाळकसाहेब पुढच्या वर्षी निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमाचं आमंत्रण घरी आलं, ती गेली नाही. मंडळी फुटली नाही. त्यांनी ज्यासाठी केलं ते झालं. भावाशी ती बोलते. तो दर आठवड्याला फळं घेऊन येतो, बिघडलेला नळ, गंजलेली कडी, काही ना काही दुरुस्त करतो. तो प्रसंग दोघंही काढत नाहीत. एकदा तो स्क्रू आवळता आवळता म्हणाला होता, "ताई, मी त्या दिवशी..." आणि ती म्हणाली होती, "जोरात आवळ, सैल राहिलाय."

रविवारची सकाळ मोठी वाटायला लागली. वर्षभर तिनं ती घरीच काढली, स्वतःशी वाचत, स्वतःशी गात. प्रार्थना परत आली, पण एकटीची. मग एका रविवारी तिनं बस पकडली आणि गावापासून लांब, कुणी ओळखत नाही अशा एका छोट्या चर्चपाशी उतरली. पत्र्याचं छप्पर, दारात चपलांची गर्दी. तिथल्या पाळकबाई दारातच उभ्या राहून येणाऱ्यांशी हात मिळवत होत्या. लठ्ठ, घामाघूम, कडेवर कुणाचं तरी मूल.

"या, या. नवीन दिसता. काय करता तुम्ही?"

सुईताईनं हात पुढे केला नाही. "मी संग्रहालयात काम करते. दगडातून हाडं काढते. ती कोट्यवधी वर्षांची असतात आणि मी ते मानते. देवालाही मानते. माणूस जनावरांतूनच आला आणि तो देवानंच आणला, असं मला वाटतं. तुमच्याकडे हे चालत नसेल तर आताच सांगा, परतीची बस दहा मिनिटांत आहे."

मागे उभी असलेली माणसं ऐकत होती. तिनं मुद्दामच सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं होतं.

पाळकबाईंनी मूल दुसऱ्या कडेवर घेतलं. "मला त्यातलं ओ की ठो कळत नाही हो," त्याही तितक्याच मोठ्यानं म्हणाल्या. "आमच्यात एक दोघं भांडतील तुमच्याशी. मीही भांडेन कदाचित, आधी समजून घेतल्यावर. गाता येतं का?"

"येतं."

"मग बसा."

ती आत गेली. पुढे जागा रिकामी होती, पण ती दाराजवळच्या बाकावर, कडेला बसली. पिशवी तिनं मांडीवरच ठेवली आणि उपासना संपेपर्यंत खाली ठेवली नाही. गाणं सुरू झालं तेव्हा मात्र उठून उभी राहिली.